बिनपाण्याचा बंब

काळेगव्हाणच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये नवी गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा बब्रुवान सोनटक्के तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. खाली वाकून त्यांनी चेसिस बघितली, टायरवर लाथ मारून बघितली आणि म्हणाले, "समदं ठीक हाय. पण हिच्यात पाणी कुठून भरायचं?"

"पाणी भरायचंच नाही," डॉ. तन्वी केळुसकर म्हणाली.

शेडमध्ये हशा पिकला. इलियास पठाण तर हसता हसता जुन्या बंबाच्या बंपरवर बसला. "ऐका अण्णा, बिनपाण्याचा बंब! उद्या बिनपिठाची भाकर बी निघंल."

तन्वीला अशा हसण्याची सवय असावी. ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करायची आणि ही गाडी पहिल्यांदा कुठल्या गावाला द्यायची ते तिनेच ठरवलं होतं. जिथे आगी जास्त आणि पाणी कमी, असं गाव तिला हवं होतं. काळेगव्हाण दोन्ही बाबतींत चोख होतं.

गावाला पगारी अग्निशमन दल कधीच नव्हतं. नगरपंचायतीला ते परवडत नव्हतं, आणि जिल्ह्याचा बंब पोचेपर्यंत जळायचं ते जळून गेलेलं असायचं. कापसाच्या जिनिंग मिला असलेल्या गावात असं चालण्यासारखं नव्हतं. म्हणून एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेल्या बब्रुवान अण्णांनी एका साखर कारखान्याने मोडीत काढलेला बंब मिळवला, स्वतः खोलला, स्वतः जोडला आणि माणसं गोळा केली. पंक्चरचं दुकान चालवणारा इलियास ड्रायव्हर झाला. दोन मास्तर आले, एक सलूनवाला आला, जिनिंगमधले काही कामगार आले. आणि कावेरी आली.

कावेरी आणि तिचा नवरा बालाजी पिठाची गिरणी चालवायचे. शेजारच्या घरात सिलिंडरचा भडका उडाला, तेव्हा तिने गिरणीतली रिकामी पोती भिजवून एकटीने तो दाबला होता. दुसऱ्या दिवशी अण्णा दळण घेऊन आले. डबा ठेवताना एवढंच म्हणाले, "संध्याकाळी शेडवर ये."

तेव्हापासून ती रोज जायची. शेडवर चहा व्हायचा आणि गप्पा गाड्यांच्याच व्हायच्या. जुन्या बंबाच्या पंपाचं सील पुन्हा गळतंय का, होजची जोडणी पितळेची बरी की ॲल्युमिनियमची, हनुमंतवाडीच्या कडब्याच्या गंजीला आपण उशिरा का पोचलो, पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा पट्टा कुणी चावला, उंदरांनी की मास्तरांनी. अण्णा प्रत्येक आगीनंतर सगळ्यांना बसवून कोण कुठं चुकलं ते सांगायचे, स्वतःपासून सुरुवात करून. कावेरीला हे आवडायचं. घरात कुणी असं बोलत नसे.

"ज्वाला म्हणजे काय असतं?" गाडी आली त्या दिवशी तन्वीने शेडमध्ये सगळ्यांना विचारलं. "लाकूड जळतं, कापूस जळतो असं आपण म्हणतो. खरं तर त्यांच्यातून निघणारी वाफ जळते. ती वाफ आणि हवेतला प्राणवायू जिथे भेटतात तिथे एक पातळ पडदा तयार होतो. तोच पेटलेला आपल्याला दिसतो. आपण पाणी मारतो तेव्हा पदार्थ थंड होतो, वाफ थांबते, पडदा जातो. ही गाडी तसं करत नाही. ही त्या पडद्यालाच धरून हलवते."

"हलवते कशानं?"

"आवाजानं. आवाज म्हणजे हवेचं पुढे-मागे होणं. खूप खालच्या पट्टीतला, खूप मोठा आवाज एका जागी गोळा केला, तर तिथली हवा इतकी जोरात हलते की तो पडदा ताणला जातो, वाफेपासून सुटतो आणि तुटतो. फुंकर मारल्यावर पणती विझते ना, तसं. पण ही फुंकर एका सेकंदात कितीतरी वेळा, दोन्ही बाजूंनी."

गाडीच्या पाठीवर दोन मोठे कर्णे होते. प्रत्येकातून निघणारा आवाज एकटा निरुपद्रवी असायचा. ते दोन आवाज जिथे एकमेकांना मिळायचे तिथेच तो दाब तयार व्हायचा. ती जागा गाडीतल्या टीव्हीसारख्या पडद्यावर बघून ठरवायची आणि कर्णे वळवायचे. हे काम अण्णांनी कावेरीला दिलं.

चाचणीसाठी गावाबाहेर जुन्या टायरांचा ढीग पेटवला. कावेरीने बटण दाबलं. कानाला जवळपास काही ऐकू आलं नाही, फक्त छातीवर काहीतरी जड ठेवल्यासारखं झालं आणि पायाखालची जमीन घुमली. ढिगावरची ज्वाला आडवी झाली, फाटली आणि नाहीशी झाली. काळा धूर तेवढा उरला. सलूनवाल्याने टाळ्या वाजवल्या. इलियास म्हणाला, "हा तर घुम्या हाय. बोलत काय न्हाई, पण आतून घुमतंय." गाडीचं नाव तिथेच पडलं.

तन्वीने मात्र सगळ्यांना त्या ढिगाशी नेलं आणि थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने ढिगाच्या पोटातून पुन्हा एक जीभ वर आली.

"हे नीट बघून ठेवा," ती म्हणाली. "घुम्या ज्वाला विझवतो, आग विझवत नाही. आतली धग तशीच असते. ज्वाला पडल्यावर मागून पाणी मारावं लागणारच. पूर्वीपेक्षा खूप कमी, पण लागणार. ते पाणी राखून ठेवा."

"आणि मधे माणूस असंल तर?" कावेरीने विचारलं.

तन्वीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माणसाच्या छातीत हवा असते. तो दाब तिथपर्यंत पोचला तर फुप्फुसं आतून फाटतात. भिंत मधे असली तरी उपयोग नाही, इतक्या खालच्या आवाजाला भिंत अडवत नाही. म्हणून गाडीवर रडार आहे. धुरातून, भिंतीतून श्वास ओळखतं. टप्प्यात कुणी श्वास घेत असेल तर पडद्यावर हिरवा ठिपका दिसेल आणि बटण बंद पडेल."

"कायमचं बंद?"

"दोन जणांनी एकाच वेळी अंगठा लावला तर त्याचं कुलूप उघडतं. ऑपरेटर आणि ड्रायव्हर. ती सोय ठेवावीच असं मला वाटत नव्हतं. पण यंत्र चुकूही शकतं, गोठ्यातल्या म्हशीलाही माणूस समजू शकतं. म्हणून ठेवली."

*

पहिली दोन वर्षं घुम्याने गावाला वेड लावलं. कडब्याच्या गंजी, उसाचे फड, बसस्टँडसमोरच्या हॉटेलचं स्वयंपाकघर, ट्रान्सफॉर्मर. जिथे पूर्वी टँकरमागून टँकर रिकामे व्हायचे तिथे आता घुम्या ज्वाला पाडायचा आणि मागून जुना बंब पाण्याची हलकी धार धरायचा. शेजारच्या तालुक्यांतून बोलावणी यायला लागली. अण्णांनी शेडखाली हौद बांधून घेतला होता. त्यातलं पाणी फक्त आगीसाठी, असं त्यांनी झाकणावर रंगवून घेतलं होतं.

मग धरण कोरडं पडलं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या उन्हाळ्यात नगरपंचायतीने जुना बंब पिण्याच्या पाण्यासाठी मागून घेतला. अण्णांनी तो दिला. त्यांच्याजवळ नाही म्हणायला काही कारण नव्हतं, घुम्या होताच की. बंब हिरवा रंगवून गल्लोगल्ली फिरू लागला.

नंतर एका सकाळी बायका शेडसमोर जमल्या. हंडे, कळशा, प्लास्टिकच्या कॅनी. जिनिंगच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या हंगामी मजुरांच्या बायका जास्त होत्या, कारण तिथे टँकर पोचतच नव्हता. सगळ्यांच्या पुढे अण्णांची बायको पद्मिण उभी होती.

"हे आगीचं पाणी हाय," अण्णा म्हणाले.

"आग लागंल तवा लागंल," पद्मिण म्हणाली. "तहान आत्ता लागलीय."

"काकू बरोबर बोलतेत, अण्णा," कावेरी हळूच म्हणाली. ती त्या खोल्यांत जाऊन आली होती. तिथल्या बाया जिनिंगचं इंजिन थंड करायला वापरलेलं पाणी गाळून पीत होत्या.

अण्णांनी इलियासकडे बघितलं. इलियासने खांदे उडवले. "माझ्याकडं कामून बघता? मी न्हाई म्हणू शकत न्हाई."

अण्णा बराच वेळ झाकणावरची अक्षरं बघत उभे राहिले. मग त्यांनी स्वतः वाकून झाकण सरकवलं. पाणी दुपारपर्यंत संपलं. पुन्हा हौद भरायचा असं सगळ्यांनी ठरवलं होतं, पण भरायचा कशाने?

*

एप्रिलमध्ये, भर दुपारी, शेडवरची घंटा वाजली. सर्वांत मोठ्या जिनिंगमध्ये कापूस दाबून गठाणी बांधतात, त्या प्रेस हॉलला आग लागली होती.

इलियास, कावेरी आणि अण्णा पोचले तेव्हा हॉलच्या अर्ध्या छपरातून धूर निघत होता. मिल आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता. त्या बोळात उघड्यावर रचलेल्या कापसाने पेट घेतला होता आणि वारा थेट खोल्यांच्या दिशेने होता. खोल्यांतून बाहेर पडायला तो बोळच होता. मागे गोदामाची पक्की भिंत. रात्रपाळी करून आलेली माणसं खोल्यांत झोपलेली होती, बायका आणि मुलं होती. ती सगळी आता बोळाच्या आतल्या टोकाला दाटीने उभी होती. त्यांच्या किंकाळ्या आगीच्या आवाजावरही ऐकू येत होत्या. मागच्या भिंतीवर बाहेरून गावकऱ्यांच्या पहारी पडत होत्या, पण भिंत दाद देत नव्हती.

"आधी सांगा, आत कोण हाय?" अण्णांनी विचारलं.

"मुंजाजी!" एक कामगार ओरडला. "प्रेसवर मुंजाजी होता. भाईर आलेला दिसला न्हाई."

बोळाला लागूनच असलेल्या हॉलमध्ये माणूस असताना घुम्या चालवता येणार नव्हता. अण्णांनी पाठीवर सिलिंडर चढवला, तोंडावर मास्क घट्ट केला, वॉकीटॉकी छातीला अडकवला. पट्टा कावेरीनेच ओढून दिला.

"अण्णा, मी जातो," इलियास म्हणाला.

"तू गाडी लाव. तोंड बोळाकडं. मुंजाजीला काढला की लगेच दाबा." आणि ते प्रेस हॉलच्या पुढच्या दारातून धुरात शिरले.

इलियासने गाडी लावली. कावेरीने गाडीतला पडदा सुरू केला. बोळाच्या आतल्या टोकाची माणसं टप्प्याबाहेर होती. अण्णांचा हिरवा ठिपका हॉलमध्ये सरकत होता. एकच ठिपका. ती तो बघत होती आणि दुसरा शोधत होती. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी तिच्या खिडकीशी आलं. अंगावर बनियन, हातात मोबाईल.

"काय झालं वो ताई? मी चार्जिंगला लावाय चौकात गेलतो..."

तो मुंजाजी होता.

कावेरीने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "अण्णा, मुंजाजी भाईर हाय. माझ्यासमोर उभाय. तुम्ही भाईर या. लगेच या."

खरखर. मग मास्कमधून अण्णांचा दबलेला आवाज. "कळलं. पुढच्या दारात गठाणी पडल्यात. बाजूच्या दारानं यायलो."

बाजूचं दार बोळात उघडत होतं. अगदी जळत्या कापसाजवळ. हिरवा ठिपका वळला आणि भिंतीच्या कडेकडेने त्या दाराकडे येऊ लागला, म्हणजे थेट तिथे, जिथे दोन्ही कर्ण्यांचे आवाज मिळणार होते.

पहिल्या खोलीचा पत्रा लाल झाला. आतलं काहीतरी पेटलं आणि खिडकीतून ज्वाला बाहेर आली. आतल्या टोकाची माणसं आणखी मागे सरकली. मागे जागा नव्हती. एका बाईने आपलं मूल डोक्यावर उचलून धरलं होतं, धुराच्या वर, जणू तिथून कुणी ते घेणार होतं.

"ताई," इलियास म्हणाला. त्याने पुढे काही म्हटलं नाही.

"अण्णा, कुठं आलात?"

"यायलो. थांब." खोकला. "थांब गं. दोन मिनटं दे."

कावेरी थांबली. ठिपका सरकत होता. दुसऱ्या खोलीचं छप्पर एका बाजूने खाली आलं. डोक्यावर मूल धरलेल्या बाईचे हात आता दिसत नव्हते.

कावेरीने अंगठा बटणाशेजारच्या कुलपावर ठेवला. "इलियासभाई."

"त्यो यायलाय, ताई. दारापाशी हाय त्यो. बग की, ठिपका बग."

"मला दिसतंय."

"त्यो थांब म्हणलाय!"

"इलियासभाई, अंगठा लावा."

इलियासने अंगठा लावला. लावताना त्याने डोळे मिटून घेतले. कावेरीला मिटता आले नाहीत, कारण नेम तिलाच धरायचा होता. वॉकीटॉकीवर पुन्हा खरखर सुरू झाली होती, अण्णा काहीतरी म्हणणार होते. तिने बटण दाबलं.

गाडी घुमली. बोळातली ज्वाला आडवी झाली, फाटली आणि गेली. क्षणभर सगळं स्वच्छ दिसलं, काळा पडलेला कापूस, वाकलेले पत्रे आणि त्यांच्यामागची माणसं. कावेरीने बटण सोडलं आणि मग माणसं धावली. अनवाणी, एकमेकांना ओढत, राखेतून. सगळी आली. बाई आली, तिचं मूलही आलं.

इलियास गाडीतून उडी टाकून बाजूच्या दाराकडे पळाला होता. त्याने दार ढकललं, ते अर्धवट उघडून अडलं. अण्णा दाराच्या आतच पडले होते, एक हात कडीवर. कडी त्यांनी काढलेली होती. इलियासने त्यांना बाहेर ओढलं. अंगाला कुठेही भाजलेलं नव्हतं. मास्कच्या आतून काचेवर लाल फेस होता.

त्यानंतर आग परत आली. कापसाच्या पोटातली धग जिवंतच होती आणि मारायला पाणी नव्हतं. कावेरीने पुन्हा ज्वाला पाडल्या, त्या पुन्हा उठल्या, पुन्हा पाडल्या, पुन्हा उठल्या. शेवटी कर्णे तापून बंद पडले. जिल्ह्याचा बंब संध्याकाळी आला. तोवर प्रेस हॉल आणि सगळ्या खोल्या गेल्या होत्या.

*

पद्मिण मिलच्या फाटकाशी आली तेव्हा कुणीच तिच्याशी बोलायला पुढे होत नव्हतं. कावेरी गाडीच्या पायरीवर बसली होती. इलियास पुढे गेला. अजून कुणी त्याला काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "काकू, अण्णांनीच सांगितलं. माझा विचार करू नका म्हणले, लेकरं वाचवा, दाबा म्हणले."

पद्मिणने मान हलवली. ती रडली नाही.

त्या एका वाक्याने पुढची सगळी कामं सोपी केली. वर्तमानपत्रांत ते मथळ्यात आलं. चौकात अण्णांचा मोठा फोटो लागला, त्याखाली तेच शब्द रंगवले. तन्वी चौकशी समितीबरोबर आली. समितीने विचारलं, कुलूप उघडण्याचा निर्णय कुणाचा? इलियास म्हणाला, अण्णांचा. कावेरीने मान डोलावली. अहवालात लिहिलं गेलं की यंत्रणेने अपेक्षेप्रमाणे काम केलं आणि त्यामुळे जीवितहानी कमीत कमी राहिली. पावसाळा संपायच्या आत अनेक गावांनी घुम्याची मागणी नोंदवली.

जाण्यापूर्वी तन्वी एकटीच गिरणीवर आली. दळण चालू होतं, तिला ओरडून बोलावं लागलं, म्हणून कावेरीने गिरणीचा पट्टा काढून ती बंद केली.

"पुढच्या गाड्यांमध्ये ती दोन अंगठ्यांची सोय मी काढून टाकणार होते," तन्वी म्हणाली. "समिती म्हणते, त्याच सोयीमुळे माणसं वाचली. ती ठेवायची आहे. शिवाय आता त्यांना एकच अंगठा पुरेल असं करायचंय, वेळ वाचतो म्हणून."

कावेरी पट्ट्यावरचं पीठ झटकत राहिली.

"पाणी राखायला सांगितलं होतं मी," तन्वी म्हणाली, आणि लगेच, "नाही. तुम्हाला नाही म्हणत मी. मी तुमच्या जागी असते तर मीही हौद उघडला असता." तिला आणखी काही बोलायचं असावं, पण दळणाला आणखी एक बाई आली आणि ती निघून गेली.

दल हळूहळू मोडलं. मास्तरांनी बदली घेतली. सलूनवाला यायचा बंद झाला. इलियास शेडवर यायचा पण कावेरीच्या शेजारी बसायचा नाही. एकदा तिने विचारलं, "इलियासभाई, तुम्ही तसं का बोललात?" तो पाने आणि नट एका डब्यात भरत होता. "मग काय बोलू? त्यो यायलो म्हणत होता आन आमी दाबलं, असं बोलू?" त्याने डब्याचं झाकण लावलं. "मी माझ्या बायकोला बी त्येच सांगितलंय. आता मला बी तेच खरं वाटाय लागलंय. तू नको खोदू."

आगी लागायच्या तेव्हा दोघंच जायचे. घुम्या ज्वाला पाडायचा. लोक टाळ्या वाजवायचे. कावेरी पडद्यावर हिरवा ठिपका शोधायची आणि तो नसला तरी दाबण्यापूर्वी इतका वेळ थांबायची की एका गोठ्यातल्या दोन गाई त्यात गेल्या. तो गोठेवाला तिला काही बोलला नाही. दलातल्या कावेरीताईला गावात कुणी काही बोलत नसे. बायका तिच्या पाया पडायच्या. पत्र्याच्या खोलीतल्या त्या बाईने नव्या बाळाचं नाव बब्रुवान ठेवलं आणि ते दाखवायला ती गिरणीवर आली. कावेरीने बाळ हातात घेतलं नाही, हाताला पीठ आहे म्हणून सांगितलं.

"मी काकूंना सांगणार हाय," एक दिवस ती बालाजीला म्हणाली.

बालाजी जेवत होता. त्याने घास खाली ठेवला. "कशाला?"

"त्यांना खोटं माहीत हाय."

"त्यांना ज्यात बरं वाटतंय ते माहीत हाय. तू सांगून काय व्हईल? अण्णा येतील? तुला हलकं वाटंल, म्हणून सांगायचंय. तुझं वझं उचलून म्हातारीच्या डोक्यावर ठेवायचंय."

त्याचं म्हणणं खरं असावं. कावेरीने ताट पुढे ओढलं नाही. बऱ्याच दिवसांपासून ते दोघं एकाच वेळी जेवत नव्हते.

*

पद्मिण ओट्यावर तूर निवडत बसली होती. घरात अण्णांच्या फोटोला ताजा हार होता. तिने कावेरीला बसायला सांगितलं, पाणी दिलं, गिरणीचं विचारलं. कावेरीने पाणी तसंच बाजूला ठेवलं.

"काकू, अण्णांनी दाबा म्हटलं न्हाई."

पद्मिणचा हात सुपात थांबला. "मग?"

"यायलो म्हणले. थांब म्हणले."

रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. पद्मिणने वर बघितलं.

"अजून काय म्हणले?"

"दोन मिनटं दे म्हणले."

"तू दिलीस?"

"न्हाई."

कावेरीला वाटलं होतं, ती ओरडेल, सूप फेकेल. तेवढं तिला हवंही होतं. पद्मिणने सूप हळूच खाली ठेवलं आणि हात लुगड्याला पुसले.

"म्हंजे त्यांना घरी यायचं होतं," ती म्हणाली.

"हाव."

"मी रुसून बसले होते गं त्यांच्यावर." तिचा आवाज अगदी साधा होता, दळणाचं सांगावं तसा. "इतके महिने. लोक हार घालायचे, भाषणं करायचे, मी मनात म्हणायची, काय माणूस हाय. दाबा म्हणला आन मोकळा झाला. माझा विचार बी आला न्हाई त्याच्या मनात. इतक्या वर्षांचा संसार आन एका शब्दात सोडून गेला. लई राग यायचा. सकाळी उठलं की पहिला राग यायचा, मग चूल पेटवायची. त्या रागावर दिवस काढले मी." ती फोटोकडे बघत नव्हती, अंगणाकडे बघत होती. "आता कशावर काढू?"

कावेरीने तिच्या हाताला हात लावायचा प्रयत्न केला. पद्मिणने हात ओढून घेतला, झटकला नाही, नुसता ओढून घेतला.

"पाणी मीच मागितलं होतं," ती म्हणाली. "हंडा घेऊन पुढं मीच उभी होते. म्हणून तुला बोल लावत न्हाई मी. लेकरं वाचली, ते बी खरं हाय. पण तू आता जा. आन परत येऊ नकोस, कावेरी. तू समोर आलीस की मला ती दोन मिनटं दिसतील. त्यो कडी काढायलाय, असं दिसंल."

कावेरी उठली. चपला घालताना तिला आतल्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. ती अंगण ओलांडून फाटकाशी पोचली, तेव्हा घरातून रडणं ऐकू आलं. आधी हळू, मग मोठ्याने, मग अण्णांना नावाने हाक मारत, जशी पद्मिणने त्यांच्या हयातीत कधी मारली नसेल.

शेजारच्या घरांतून बायका बाहेर आल्या. एकीने विचारलं, "काय झालं गं? एवढ्या दिसानं?"

फाटक उघडं ठेवून कावेरी तिथेच उभी राहिली. तिला आत जाता येत नव्हतं आणि रस्त्याला लागताही येत नव्हतं.